डेबियन १२ सर्व्हरवर एफआरआर: डेबियनच्या रिपॉझिटरीतून घ्यावे की प्रकल्पाच्या?

पॅकेटवाला यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही तालुक्याच्या गावी इंटरनेट सेवा देणारी एक छोटी संस्था चालवतो. आयआरआयएनएन या भारतीय इंटरनेट नोंदणी संस्थेकडून मिळालेला स्वतःचा एएस (स्वायत्त नेटवर्क) क्रमांक आमच्याकडे आहे, दोन अपस्ट्रीम, म्हणजे आम्हाला इंटरनेट देणाऱ्या, पुरवठादारांशी बीजीपी सत्रे (नेटवर्कांमध्ये मार्गांची देवाणघेवाण करणाऱ्या जोडण्या) चालू आहेत आणि मुंबईतील एका इंटरनेट एक्स्चेंजच्या राउट सर्व्हरशी (सभासदांमध्ये मार्ग वाटणाऱ्या सर्व्हरशी) तिसरे सत्र जोडण्याचा विचार आहे. सध्याचा हार्डवेअर राउटर जुना झाला असून संपूर्ण राउटिंग टेबल त्याच्या मेमरीत मावत नाही, म्हणून त्याच्या जागी डेबियन १२ हे लिनक्स वितरण असलेला सर्व्हर आणि त्यावर एफआरआर हे राउटिंगचे मुक्त सॉफ्टवेअर, अशी मांडणी करायचे ठरले आहे.

एका अपस्ट्रीमच्या अभियंत्याने राउट लीक (एकाकडून आलेले मार्ग चुकून दुसऱ्याला देणे) टाळण्यासाठी आरएफसी ९२३४ या मानकातील बीजीपी रोल, म्हणजे सत्रात कोणाची भूमिका काय हे सांगणारी नोंद, वापरण्याची सूचना केली आहे. ते कसे करावे हे शोधताना एक सविस्तर लेख सापडला. त्यात पहिलीच पायरी अशी होती की वितरणासोबत येणारे एफआरआर जुने असते, त्यामुळे एफआरआर प्रकल्पाची स्वतःची रिपॉझिटरी (पॅकेजांचे भांडार) जोडावी आणि त्यातील ‘एफआरआर-स्टेबल’ हा विभाग निवडावा. चाचणीसाठी ठेवलेल्या यंत्रावर मी ती जोडली. परक्या रिपॉझिटरीतून इतर काही नकळत येऊ नये म्हणून एपीटी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या प्रेफरन्सेस फाइलमध्ये त्या रिपॉझिटरीतील सर्व पॅकेजांना उणे १ आणि केवळ एफआरआर या पॅकेजाला ९९० असा प्राधान्यक्रम दिला. त्यानंतर एपीटी इन्स्टॉलची आज्ञा दिली, तर एफआरआरला लिबयांग२ या लायब्ररीची नवी आवृत्ती हवी आहे, परंतु जुनीच आवृत्ती बसवली जाणार आहे, असे सांगून एपीटीने काम थांबवले.

ही अडचण सोडवणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. मला त्याहून अधिक जाणून घ्यायचे आहे ते असे, की जो सर्व्हर काही वर्षे सलग चालवायचा आहे आणि ज्यावर काही हजार घरांची जोडणी अवलंबून आहे, त्यावर राउटिंगचे सॉफ्टवेअर नेमके कुठून घ्यावे. प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतून घेतल्यास सुरक्षा अद्यतने आपोआप येतात का, आणि ती येताना बीजीपी सत्रे तुटतात का, याविषयीही अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

जुना_राउटर यांचे उत्तर

नमस्कार. मूळ गरजेपासून सुरुवात करू या, कारण बहुधा ही रिपॉझिटरी जोडण्याचे कारणच तुमच्या बाबतीत शिल्लक राहत नाही.

आरएफसी ९२३४ चे रोल एफआरआरच्या ८.४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहेत. डेबियन १२ च्या मुख्य रिपॉझिटरीत ८.४.४ आहे. तुम्ही वाचलेला लेख मी पाहिलेला नाही, पण असे बरेच लेख उबंटू सर्व्हर २२.०४ समोर ठेवून लिहिलेले असतात. त्या उबंटूमध्ये एफआरआर ८.१ आहे आणि तिथे रोल लिहिण्याची लोकल-रोल ही आज्ञा मिळणारच नाही, म्हणजे त्या लेखकाला प्रकल्पाची रिपॉझिटरी जोडणे भागच होते. ‘वितरणातले पॅकेज जुने असते’ हे वाक्य एका यंत्रावर खरे आणि दुसऱ्यावर निरर्थक ठरू शकते. म्हणून इतर काहीही करण्यापूर्वी एपीटी पॉलिसी ही आज्ञा पॅकेजाच्या नावासह चालवावी. बसवलेली आवृत्ती कोणती, बसवली जाऊ शकणारी कोणती, आणि प्रत्येक आवृत्ती कोणत्या रिपॉझिटरीतून कोणत्या प्राधान्यक्रमाने येते, हे ती एका पडद्यावर दाखवते. यंत्रात काहीही बदल न करता मिळणारी इतकी उपयुक्त माहिती वगळून थेट इन्स्टॉलकडे जाण्याची सवय का पडली आहे, हे मला कधी समजलेले नाही.

आता रिपॉझिटरीच्या निवडीविषयी. रिपॉझिटरी निवडताना आवृत्तीचा आकडा नजरेत भरतो, परंतु आपण खरे तर निवडत असतो तो त्या पॅकेजाची पुढची देखभाल करणारा गट. डेबियनच्या मुख्य रिपॉझिटरीतील एफआरआरमध्ये सुरक्षेचा दोष सापडला तर डेबियनचे लोक मूळ प्रकल्पाची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवतात आणि बाकी वर्तन शक्यतो तसेच ठेवतात. सीव्हीई-२०२३-३८८०२ या क्रमांकाने नोंदलेला सुरक्षा दोष हे याचे चांगले उदाहरण आहे. टनेल एन्कॅप्सुलेशन नावाचा बीजीपी अॅट्रिब्यूट (मार्गासोबत येणारी माहिती) बिघडलेल्या स्वरूपात आला की एफआरआर त्या मार्गापुरती कारवाई न करता संपूर्ण सत्रच तोडत असे. ज्या राउटरांना तो अॅट्रिब्यूट कळत नाही ते त्याला न तपासता पुढे पाठवतात, त्यामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जाहीर केलेला एक मार्ग तुमचे अपस्ट्रीम सत्र पाडू शकत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये हा दोष जाहीर झाला आणि पुढच्याच महिन्यात डेबियन १२ साठी दुरुस्ती आली. त्या दुरुस्तीनंतरही पॅकेजाचा मुख्य आकडा ८.४.४ हाच राहिला. बदलली ती आकड्यामागची शेपटी, ज्यात ‘डेब१२यू१’ अशी अक्षरे दिसतात.

ही शेपटी वाचता येणे महत्त्वाचे आहे, कारण सुरक्षा तपासणीची काही साधने केवळ मुख्य आकडा पाहतात आणि ‘८.४.४ सदोष आहे’ असा अहवाल देतात. तो अहवाल पाहून घाईघाईने नवी रिपॉझिटरी जोडली जाते. अशा वेळी डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर त्या सीव्हीईचा क्रमांक शोधून कोणत्या आवृत्तीत दुरुस्ती आली आहे हे पाहावे आणि ती नोंद अहवालाला जोडावी. डेबियन १२ ला सुरक्षा चमूची नियमित देखभाल जून २०२६ पर्यंत आणि त्यापुढे एलटीएस (दीर्घकालीन देखभाल) गटाची जून २०२८ पर्यंत आहे, हेही नियोजनात धरावे.

तुमच्या चाचणी यंत्रावर एपीटी का अडले, तेही सांगतो, कारण पुढे कधी दुसऱ्या पॅकेजासाठी हे उपयोगी पडेल. प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतील एफआरआर हे त्याच रिपॉझिटरीतील नव्या लिबयांग२ च्या आधारावर बांधलेले असते. तुम्ही एफआरआरला वाट मोकळी केली आणि त्याच्या लायब्ररीला उणे १ देऊन ती पूर्ण बंद केली. ऋण प्राधान्यक्रमाचा अर्थ ‘ही आवृत्ती कधीही बसवू नये’ असाच आहे. एपीटीसमोर डेबियनची जुनी लिबयांग२ तेवढी राहिली आणि ती नव्या एफआरआरला पुरत नव्हती. उपाय असा की ज्या पॅकेजांना परवानगी द्यायची त्या नोंदीत एफआरआरने सुरू होणारी सर्व पॅकेजे आणि लिबयांग२ ही दोन्ही लिहावीत. पॅकेजाच्या नावात तारांकन चालते. तसेच ९९० ची आवश्यकता नव्हती. कोणत्याही साध्या रिपॉझिटरीला एपीटी ५०० देते, आणि प्राधान्यक्रम समान असेल तर मोठी आवृत्ती जिंकते, म्हणून तेवढे पुरते. १००० किंवा त्याहून मोठा आकडा मात्र विचार करूनच द्यावा, कारण तिथून पुढे एपीटी बसवलेली नवी आवृत्ती काढून जुनी बसवण्यासही तयार होते.

एवढे करूनही प्रकल्पाचीच रिपॉझिटरी घ्यायची झाली, तर ‘एफआरआर-स्टेबल’ हा विभाग राउटरवर वापरू नये असे माझे ठाम मत आहे. तो नेहमी प्रकल्पाच्या सर्वांत ताज्या स्थिर आवृत्तीकडे बोट दाखवतो. आज तुम्ही नऊवर असाल आणि एखाद्या रात्री नेहमीच्या अपग्रेडमध्ये दहावर जाल. त्या रिपॉझिटरीत प्रत्येक मुख्य आवृत्तीचा वेगळा विभागही असतो; तो निवडला म्हणजे मोठी उडी केव्हा घ्यायची हे तुमच्या हातात राहते. रिपॉझिटरीची सही तपासणारी चावी एपीटी-की या आज्ञेने घालू नये. तशी घातलेली चावी यंत्रावरील सर्वच रिपॉझिटरींसाठी विश्वासार्ह मानली जाते, म्हणजे उद्या ती चावी परक्या हाती गेली तर तिच्या सहीने डेबियनच्या नावाचे पॅकेजही खपू शकते. चावी स्वतंत्र फाइलमध्ये ठेवून स्रोताच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ या शब्दाने तिचा पत्ता द्यावा, म्हणजे ती तेवढ्याच रिपॉझिटरीपुरती चालते. डेबियन १३ मध्ये एपीटी-की ही आज्ञा उरलेलीही नाही.

तुमच्या जागी मी असतो तर ती रिपॉझिटरी काढून डेबियनचेच ८.४.४ बसवले असते.

कन्सोल_केबल यांचे उत्तर

जुना_राउटर यांनी लिहिलेले तपशील बरोबर आहेत, परंतु निष्कर्ष सर्वांना लागू पडेल असे नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे डेटा सेंटरच्या आत ईव्हीपीएन आणि व्हीएक्सलॅन ही आभासी नेटवर्कांची तंत्रे आहेत. त्या भागात एफआरआर प्रत्येक मुख्य आवृत्तीत बरेच बदलते, आणि आम्हाला ज्या दुरुस्त्या हव्या असतात त्या सुरक्षेच्या नसल्यामुळे डेबियन स्थिर आवृत्तीत आणत नाही. तसेच आपण एखादा दोष प्रकल्पाकडे नोंदवला, की ‘हे सध्या देखभालीत असलेल्या आवृत्तीवरही घडते का’ हा पहिला प्रश्न येतो, आणि ८.४ बाबत त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून आम्ही प्रकल्पाची पॅकेजे वापरतो.

मात्र चालू राउटर थेट इंटरनेटवरील रिपॉझिटरीशी बोलत नाहीत. आम्ही आतल्या एका सर्व्हरवर अॅप्टली हे साधन चालवतो. प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतून हवी तेवढी पॅकेजे, म्हणजे एफआरआरची मालिका आणि लिबयांग२, त्यात उतरवली जातात, त्यांचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतला जातो, तो आधी चाचणीच्या यंत्रांवर वापरला जातो आणि समाधान झाल्यावर तोच स्नॅपशॉट चालू राउटरांसाठी प्रकाशित केला जातो. याचा मोठा फायदा जुन्या आवृत्तीकडे परतताना दिसतो, कारण बाहेरच्या रिपॉझिटरीत नवी आवृत्ती आली तरी कालपर्यंत चाललेली पॅकेजे आपल्या स्नॅपशॉटमध्ये जागेवर राहतात. दोनच राउटर असलेल्या संस्थेला हे जड वाटेल. निदान चालत असलेल्या आवृत्तीच्या डेब फाइली एका डिरेक्टरीत जपून ठेवाव्यात.

स्वयंचलित अद्यतनांबद्दल तुम्ही विचारले आहे. डेबियनमधील अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज मुळात डेबियन आणि डेबियन-सिक्युरिटी या दोनच उगमांतील अद्यतने बसवते. प्रकल्पाची रिपॉझिटरी जोडल्याने ती त्या यादीत जात नाही. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही एफआरआर बाहेरून घेता त्या दिवसापासून त्याच्या सुरक्षा दुरुस्तीची बातमी ठेवण्याचे काम तुमच्यावर येते, आणि तसा कोणताही इशारा पडद्यावर उमटत नाही. प्रकल्पाच्या घोषणांवर लक्ष ठेवणारी एक व्यक्ती नेमलेली नसेल, तर बाहेरची रिपॉझिटरी घेऊ नये, असे मीही म्हणेन.

सत्रांविषयी: होय, तुटतात. पॅकेज कुठूनही आलेले असो, एफआरआरचे पॅकेज अद्ययावत होताना सेवा पुन्हा सुरू केली जाते आणि बीजीपीची सर्व सत्रे खाली येऊन पुन्हा उभी राहतात. दोन अपस्ट्रीमकडून संपूर्ण टेबल घेत असाल तर ते परत भरेपर्यंत वाहतूक डळमळते. त्यामुळे डेबियनचे पॅकेज वापरत असतानासुद्धा अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या वगळण्याच्या यादीत एफआरआरचे नाव घालावे आणि ते अद्यतन ठरलेल्या वेळी माणसाने समोर बसून करावे. यासाठी एपीटी-मार्कने पॅकेज ‘होल्ड’वर ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. मला वगळण्याची यादी अधिक बरी वाटते. ‘होल्ड’ केलेले पॅकेज हाताने केलेल्या अपग्रेडमध्येही मागे राहते, आणि सहा महिन्यांनी ते कोणी व का अडवले हे कोणाला आठवत नाही.

अद्यतन करण्यापूर्वी बीजीपी विभागात ‘ग्रेसफुल-शटडाउन’ ही आज्ञा द्यावी. त्यामुळे आरएफसी ८३२६ मधील ठरावीक कम्युनिटी (मार्गावरची खूण) आपल्या मार्गांना जोडली जाते, आणि पलीकडची मंडळी ती मानत असतील तर ते मार्ग सर्वांत शेवटच्या पसंतीला टाकतात. वाहतूक दुसऱ्या राउटरकडे वळल्याचे आलेखावर दिसले की मगच पॅकेजाला हात लावावा. यासाठी अर्थातच दुसरा राउटर असावा लागतो. काही हजार घरे एका सर्व्हरवर ठेवणार असाल तर कोणतीही रिपॉझिटरी तुम्हाला वाचवणार नाही, एवढे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तिसरी_पाळी यांचे उत्तर

विषय डेबियनचा असला तरी आमच्यासारखे अल्मालिनक्स ९ (रेड हॅटवरून बांधलेले लिनक्स वितरण) वापरणारेही हा धागा वाचतील, म्हणून थोडे लिहितो. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत तिथे क्वागा (एफआरआरचा पूर्वज) होते, आठव्यापासून एफआरआर आले, आणि नवव्या आवृत्तीत व तिच्यावरून बांधलेल्या अल्मा व रॉकीमध्ये ते अॅपस्ट्रीम रिपॉझिटरीत मिळते. त्यासाठी ईपेल ही जादा पॅकेजांची रिपॉझिटरी जोडण्याची गरज नाही, जरी बरेच जण सवयीने आधी ईपेल जोडतात.

डेबियनवरून इकडे येणाऱ्यांनी एक फरक कागदावर लिहून ठेवावा. एपीटीत मोठा आकडा वरचढ असतो. डीएनएफ या इकडच्या पॅकेज साधनात रिपॉझिटरीच्या ‘प्रायॉरिटी’ला लहान आकडा वरचढ असतो, आणि काहीही न लिहिल्यास तो ९९ धरला जातो. डेबियनच्या अंदाजाने बाहेरच्या रिपॉझिटरीला १० देणारा माणूस तिला खाली ढकलल्याच्या समजुतीत असतो, आणि प्रत्यक्षात ती सर्वांच्या वर जाऊन बसलेली असते. मला तर आकड्यांपेक्षा ‘इन्क्लूडपॅकेजेस’चा पर्याय अधिक सुरक्षित वाटतो: बाहेरच्या रिपॉझिटरीच्या नोंदीत फक्त एफआरआर आणि लिबयांग यांची नावे लिहिली की त्या रिपॉझिटरीतील बाकीचे काही डीएनएफला दिसतच नाही. आवृत्ती गोठवण्यासाठी व्हर्जनलॉक हे प्लगइन आहे.

वितरणाचे एफआरआर घेण्याचे इकडे आणखी एक कारण एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा आहे. रेड हॅटच्या पॅकेजासोबत त्याचे धोरण एफआरआर-एसईलिनक्स या जोड पॅकेजातून येते. बाहेरचे पॅकेज घेताना ते धोरण जुळते की नाही हे स्वतः तपासावे लागते, आणि नकार मिळाले की ऑडिट लॉगमध्ये शिरण्याऐवजी एसईलिनक्सच बंद करण्याचा मोह होतो. कडेच्या राउटरवर तसे करू नये.

पॅकेटवाला यांचे उत्तर

तिघांचेही आभार. प्रकल्पाची रिपॉझिटरी आणि प्रेफरन्सेसमधील नोंदी काढून, यंत्र पुन्हा स्वच्छ बसवून, डेबियनचे ८.४.४ घेतले. एपीटी पॉलिसीमध्ये शेपटीसह आवृत्ती दिसते आणि लोकल-रोलची आज्ञा खरोखरच उपलब्ध आहे. दुसऱ्या सर्व्हरसाठीही मान्यता मिळाली आहे.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. चाचणीच्या यंत्रावर अपस्ट्रीमचे सोंग घेणारे दुसरे एफआरआर उभे केले आहे. सत्र व्यवस्थित जुळते, पण मार्ग एकही येत नाही आणि जातही नाही. सारांशाच्या तक्त्यात मार्गांच्या संख्येच्या जागी कंसात ‘पॉलिसी’ असा शब्द दिसतो. दुसरे असे, की फाइलमध्ये बदल करून सिस्टमसीटीएलने एफआरआर ‘रीलोड’ केले तर सेवा अपयश दाखवते, मात्र ‘रीस्टार्ट’ केले तर चालते. दोन्ही यंत्रांवर हेच घडत असल्यामुळे पॅकेजातच काही उणे आहे का, अशी शंका येते.

जुना_राउटर यांचे उत्तर

पहिल्या बाबतीत पॅकेज अगदी नीट आहे. आरएफसी ८२१२ प्रमाणे बाहेरच्या एएसशी असलेल्या सत्रावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मार्गांसाठी धोरण लिहिलेले नसेल तर एकही मार्ग स्वीकारायचा नाही आणि एकही द्यायचा नाही, हे एफआरआरचे ठरलेले वर्तन आहे. ‘पॉलिसी’ हा शब्द तेच सांगतो. इंटरनेटवर या लक्षणावर ‘ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी’ बंद करण्याचा उपाय सर्रास सुचवलेला आढळतो. प्रयोगशाळेत तो चालेल, पण तुमच्या कडेच्या राउटरवर तो करणे म्हणजे एका अपस्ट्रीमकडून आलेले संपूर्ण टेबल दुसऱ्याला देऊन टाकण्याची वाट उघडी ठेवणे होय. बाहेर जाणाऱ्या दिशेला स्वतःच्या पत्त्यांच्या गटांचीच प्रीफिक्स-लिस्ट आणि तिच्यावर आधारित राउट-मॅप लावावा. आत येणाऱ्या दिशेला निदान खाजगी पत्ते, स्वतःचे गट आणि आयपीव्ही४ मध्ये २४ पेक्षा लांब प्रीफिक्स नाकारावेत.

रोल लिहिताना तो आपल्या बाजूने लिहायचा असतो, याकडे लक्ष असू द्या. अपस्ट्रीमच्या सत्रावर तुमचा लोकल-रोल ‘कस्टमर’ असेल आणि एक्स्चेंजच्या राउट सर्व्हरच्या सत्रावर ‘आरएस-क्लायंट’. समोरच्याने रोल लावलेला नसेल तरी सत्र जुळते आणि रोलमुळे मार्गांवर लागणाऱ्या खुणेची तपासणी तुमच्या बाजूने चालू राहते. ‘स्ट्रिक्ट-मोड’ लावल्यास मात्र समोरून रोल आल्याशिवाय सत्र उभेच राहणार नाही, म्हणून ज्या अभियंत्याने सूचना केली त्याच्याशी बोलूनच ते लावावे.

दुसऱ्या बाबतीत एक पॅकेज राहिले आहे. एफआरआरचा रीलोड हा चालू मांडणी आणि फाइल यांतील फरक काढून तेवढाच बदल लागू करणाऱ्या एका पायथन स्क्रिप्टवर चालतो, आणि ती स्क्रिप्ट एफआरआर-पायथनटूल्स या वेगळ्या पॅकेजात आहे. ते त्याच रिपॉझिटरीतून बसवा. रीस्टार्टने काम भागते असे समजून पुढे जाऊ नका. प्रत्येक रीस्टार्टला सगळी सत्रे पडतात, हे कन्सोल_केबल यांनी लिहिलेच आहे.

तसेच आरपीकेआय पडताळणी (मार्ग जाहीर करणाऱ्या एएसला तसा अधिकार आहे का याची तपासणी) करणार असाल, आणि ती करावीच, तर एफआरआर-आरपीकेआय-आरटीआरलिब हे पॅकेज लागेल. ते बसवूनही आरपीकेआयच्या आज्ञा ओळखल्या जात नाहीत अशी तक्रार वारंवार येते. त्याचे कारण असे की डीमन्स या फाइलमध्ये बीजीपीडी या बीजीपी चालवणाऱ्या डीमनच्या (पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या) पर्यायांत आरपीकेआय मॉड्यूल भरण्याचा पर्याय स्वतः लिहावा लागतो. त्याच फाइलमध्ये बीजीपीडी हा ‘नो’ वरून ‘येस’ करावा लागतो, ते तुम्ही केलेले दिसते, अन्यथा सत्र जुळलेच नसते.

कन्सोल_केबल यांचे उत्तर

या डीमन्स फाइलबाबत एक पुरवणी. अपग्रेडच्या वेळी पॅकेजासोबत तिची नवी प्रत आली, तर डीपीकेजी तुमची फाइल ठेवावी की नवी घ्यावी असे विचारते. नवी घेतली की बीजीपीडी पुन्हा ‘नो’ होते. पॅकेज विनातक्रार बसते, एफआरआरची सेवाही चालू दिसते, कारण झेब्रा हा मुख्य डीमन उभा असतो, आणि बीजीपी मात्र सुरूच झालेले नसते. अशा वेळी आपली फाइल ठेवून, दोन्हींतील फरक पाहून, नवे पर्याय हाताने उतरवावेत. संपूर्ण एफआरआर डिरेक्टरीची प्रत दुसऱ्या यंत्रावर असावी, विशेषतः पॅकेज ‘पर्ज’ (मांडणीच्या फाइलींसह पूर्ण काढून) करण्याचा विचार असेल तेव्हा.

पॅकेटवाला यांचे उत्तर

पायथनटूल्स बसवल्यावर रीलोड चालू लागले आणि धोरणे लिहिल्यावर मार्गही दिसू लागले. एक शेवटचा प्रश्न विचारतो: पुढे हेच सर्व्हर डेबियन १३ वर न्यायचे झाल्यास, आत्ता डेबियनचेच पॅकेज घेतल्याने काही सोपे होईल का?

जुना_राउटर यांचे उत्तर

होईल. डेबियन १३ मध्ये एफआरआर १०.३ आहे, त्यामुळे ८.४.४ वरून ते नेहमीच्या क्रमाने वर जाईल आणि लिबयांगही त्याच्याबरोबर येईल. प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतून १०.३ पेक्षा पुढची आवृत्ती घेतलेली असती, तर वितरण बदलल्यावरही एपीटीने तीच मोठी म्हणून जागेवर ठेवली असती, आणि डेबियन १२ च्या लायब्ररींवर बांधलेले पॅकेज डेबियन १३ मध्ये रेंगाळत राहिले असते. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये वितरण बदलण्यापूर्वी बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करण्याची आणि बाहेरची पॅकेजे काढण्याची सूचना याच कारणासाठी असते.

मात्र आठवरून दहावर जाताना आज्ञांची काही रूपे आणि काही मूळ मूल्ये बदललेली असतात. म्हणून आधी एका आभासी यंत्रावर डेबियन १३ बसवून तुमची मांडणीची फाइल त्यात घाला आणि व्हीटीवायएसएच या एफआरआरच्या आज्ञा देण्याच्या साधनाला तिची तपासणीपुरती वाचणी करायला सांगा. त्यासाठी त्यात वेगळा पर्याय आहे. ज्या ओळी ती नाकारेल त्या आधी दुरुस्त करा, आणि मग दोनपैकी दुय्यम राउटरपासून सुरुवात करा.